रेघ कागदावर उतरेपर्यंत कुठे असते?

रविवारी सकाळी नाशिकच्या गोदाघाटावर आमचा पाच-सहा जणांचा रेखाटनाचा गट बसतो. चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून मी हा नेम पाळत आलो आहे. येणाऱ्यांत काही जुने विद्यार्थी असतात, काही शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी करणारी मुले असतात आणि एखाद-दुसरे पालक निव्वळ चहापुरते येतात. गेल्या महिन्यात इंटरमिजिएटला बसणारी एक मुलगी नारोशंकराच्या देवळाचे शिखर काढत होती. शिखराची डावी कड तिने चार वेळा खोडली आणि शेवटी वैतागून म्हणाली, "सर, वर बघते तेव्हा रेघ बरोबर असते. मान खाली घातली की हलते."

मी तिला प्रत्येक चित्रकला शिक्षक देतो तेच उत्तर दिले: हात ताठ कर, एक डोळा मीट, पेन्सिल कडेला लावून कल पकड आणि तो न बदलता कागदावर आण. हा उपाय चालतो, यात शंका नाही. परंतु तो रेघ डोक्यात धरून ठेवण्याचा उपाय नसून डोक्यावरचे ओझे पेन्सिलीवर टाकण्याचा उपाय आहे, ही गोष्ट इतकी वर्षे शिकवूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. मान वर असताना रेघ डोळ्यांसमोर असते, हात चालल्यावर ती कागदावर असते; मधल्या दोन-तीन सेकंदांत ती कुठे असते? मेंदूविज्ञानात या प्रश्नावर गेली पन्नास वर्षे काम चालू आहे आणि गेल्या पंधरा-सोळा वर्षांत त्यावर चांगलाच वाद झाला आहे. सवडीने जे वाचले आणि जेवढे नीट समजले, तेवढे येथे मांडतो.

प्रथम एक घोळ दूर केला पाहिजे. आमच्या परीक्षेत 'स्मरणचित्र' नावाचा विषय असतो आणि त्यामुळे चित्रातली स्मृती म्हटली की मुलांना जत्रा, बसस्थानक, पावसातला बाजार अशी दृश्ये आठवतात. ती दीर्घकालीन स्मृती होय. शिखराची कड दोन सेकंद धरून ठेवणे हे निराळे काम आहे. त्याला 'वर्किंग मेमरी', म्हणजेच कार्यकारी स्मृती म्हणतात. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिचा जो आराखडा मांडला, त्यात बोललेल्या शब्दांसाठी एक कप्पा होता आणि पाहिलेल्या आकारांसाठी दुसरा. ही स्मृती फारच अल्प सामग्री धरते. १९९७ मध्ये स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी रंगीत चौकोन क्षणभर दाखवून काही वेळाने त्यांतला एखादा बदलला आहे का, असे विचारले, तेव्हा लोकांना तीन-चार चौकोनांपर्यंत खात्रीने सांगता आले आणि त्यापुढे चुका वाढत गेल्या. हिच्याही आधी, पापणी लवेपर्यंत टिकणारा डोळ्यांतला जो ठसा असतो, तो जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्येच दाखवला होता. पण तो सेकंदाच्या आत विरतो आणि नवी प्रतिमा समोर आली की पुसला जातो. मान खाली घातल्यावर समोर पांढरा कागद येतो, तेव्हा त्या ठशाचा आम्हा चित्रकारांना काही उपयोग नाही.

रेघ मेंदूच्या कोणत्या भागात धरली जाते, याचे पहिले उत्तर कपाळाच्या मागे सापडले. होआकिन फुस्टर आणि गॅरेट अलेक्झांडर यांनी १९७१ मध्ये माकडांवर प्रयोग केले. समोरची वस्तू झाकली गेल्यावरही, माकड उत्तर देण्याची वाट पाहत असताना, मेंदूच्या पुढच्या भागातल्या काही चेतापेशी सतत संदेश सोडत राहतात, असे त्यांना आढळले. पुढे १९८९ मध्ये पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांच्या प्रयोगशाळेत आणखी बारकावा मिळाला. पडद्यावर क्षणभर चमकलेला ठिपका कोणत्या दिशेला होता, त्यानुसार निरनिराळ्या पेशी प्रतीक्षेच्या काळात जाग्या राहत होत्या. त्यामुळे बराच काळ असे चित्र रूढ झाले, की डोक्याच्या मागच्या बाजूला असलेली दृष्टीची क्षेत्रे फक्त पाहतात, पाहिलेले पुढे पाठवतात आणि लगेच मोकळी होतात. जपून ठेवणे हे कपाळामागच्या भागाचे काम.

चित्रकाराच्या नजरेने पाहिले तर या चित्रात एक अडचण दिसते. कल सात अंश आहे की दहा, हा भेद ओळखणाऱ्या पेशी प्रामुख्याने दृष्टीच्या क्षेत्रांतच आहेत. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस मांजरांच्या मेंदूत त्या शोधल्या. एक पेशी उभ्या रेघेला प्रतिसाद देते, दुसरी किंचित कललेलीला, तिसरी त्याहून कललेलीला. या शोधाची कथा गमतीची आहे. ठिपके दाखवून काही हाती लागत नव्हते आणि काचेची पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावर पडली, तेव्हा पेशी एकदम बोलू लागली. या कामासाठी दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले. आता, इतक्या बारीक कलांसाठी मेंदूत एक यंत्रणा तयार असताना तोच कल जपण्यासाठी मेंदू दुसरीकडे तशीच यंत्रणा पुन्हा कशाला उभारील? जी क्षेत्रे पाहतात, त्यांनाच जपण्याच्या कामाला जुंपले जात असावे, हा विचार येथून पुढे येतो.

विचार सुचणे सोपे होते, तो दाखवणे कठीण होते. कारण प्रतीक्षेच्या काळात दृष्टीची क्षेत्रे जवळजवळ शांत दिसत. एफएमआरआय यंत्रात रक्तप्रवाहावरून मेंदूची हालचाल मोजली, तर वस्तू दिसत असताना मागचा भाग उजळे आणि वस्तू गेल्यावर थोड्याच सेकंदांत मूळपदावर येई. २००९ मध्ये दोन गटांनी ही शांतता फसवी असल्याचे दाखवले. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील स्टेफनी हॅरिसन आणि फ्रँक टाँग यांचा प्रयोग मला विशेष आवडतो, कारण त्याची मांडणी एखाद्या उत्तम वस्तुचित्रासारखी काटेकोर आहे. स्वयंसेवकाला समांतर पट्ट्यांची दोन वर्तुळे एकापाठोपाठ क्षणभर दाखवली जात. एका वर्तुळातले पट्टे २५ अंशांच्या जवळपास कललेले असत आणि दुसऱ्यातले ११५ अंशांच्या. दोन्ही गेल्यावर पडद्यावर १ किंवा २ हा आकडा येई, म्हणजे पहिले लक्षात ठेवायचे की दुसरे, हे दोन्ही पाहून झाल्यावरच कळे. मग अकरा सेकंद रिकामा पडदा. त्यानंतर किंचित फिरवलेले पट्टे दाखवून विचारत, की हे कोणत्या बाजूला फिरले आहेत?

आकडा नंतर दाखवण्यातच सारी खुबी आहे. डोळ्यांनी दोन्ही वर्तुळे सारखीच पाहिली होती, त्यामुळे मागाहून मेंदूत एकाच कलाची खूण सापडली तर ती पाहण्याचा उरलेला ठसा नसून जपण्याचीच खूण ठरते. आणि ती सापडली. दृष्टीच्या पहिल्या चार क्षेत्रांतील हालचालीचा नमुना संगणकाला वाचायला दिल्यावर माणसाने कोणता कल मनात धरला आहे, हे ८० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखता आले. एकूण हालचाल मात्र त्या वेळी जवळपास मूळपदावर आलेली होती.

एकूण हालचाल नगण्य असूनही तिच्यात मजकूर असतो, हे पहिल्या वाचनात मला पटले नव्हते. मग पांडवलेणीच्या पायऱ्यांवरून रात्री दिसणारे नाशिक आठवले. तेथून एकेक दिवा वेगळा दिसत नाही. एका रात्री सिडकोत वीज गेली आणि दुसऱ्या रात्री पंचवटीत गेली, तर शहराचा एकंदर उजेड दोन्ही रात्री सारखाच वाटेल. तरी काळोखाची जागा पाहून कोणती रात्र कोणती, हे कोणीही सांगेल. एफएमआरआयचा एकेक ठिपका लाखो पेशींची गोळाबेरीज करतो, त्यामुळे त्याला एकटी पेशी दिसणे शक्यच नाही. परंतु कोणत्या ठिपक्यात कोणत्या कलाकडे किंचित झुकाव आहे, एवढे त्याला कळते आणि शेकडो ठिपक्यांचे असे झुकाव एकत्र वाचले की कल उलगडतो.

त्याच वर्षीच्या जॉन सेरेन्सेस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात लोकांना रंगीत पट्टे दाखवून काही वेळा फक्त रंग आणि काही वेळा फक्त कल लक्षात ठेवायला सांगितले होते. दृष्टीच्या पहिल्या क्षेत्रात, ज्याला व्ही-वन म्हणतात, जे लक्षात ठेवायचे होते तेच सापडले. दुसरे डोळ्यांसमोर असूनही जपले गेले नव्हते. म्हणजे मागचा भाग छायाचित्र काढून ठेवत नाही, मागणी असेल तेवढेच ठेवतो. रेखाटन करताना शिखराच्या दगडाचा रंग विचारला तर मुलांना सांगता येत नाही, आणि मी ते आजवर त्यांच्या दुर्लक्षाचे लक्षण मानत आलो. याबद्दल काही जुन्या विद्यार्थ्यांची माफी मागायला हवी.

याच गटाच्या आणखी एका प्रयोगाचा आमच्या कामाशी थेट संबंध आहे. दृष्टीचे पहिले क्षेत्र हा डोळ्यासमोरच्या जागेचा नकाशा असतो. उजवीकडे दिसलेली वस्तू मेंदूच्या डाव्या बाजूला नोंदली जाते आणि डावीकडची उजव्या बाजूला. असे असेल तर देवळाच्या जागी पाहिलेली रेघ कागदाच्या जागी कशी उतरावी? एडवर्ड एस्टर, सेरेन्सेस आणि एडवर्ड ऑ यांनी एका बाजूला दाखवलेला कल लक्षात ठेवायला सांगितला, तेव्हा त्याची खूण मेंदूच्या दोन्ही बाजूंना मिळाली, म्हणजे जेथे त्या वस्तूची प्रतिमा कधी पोहोचलीच नव्हती, तेथेही. प्रयोगात माणसे नजर एका बिंदूवर खिळवून बसली होती आणि आम्ही मान हलवतो, त्यामुळे हा निष्कर्ष घाटावर जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. तरीही धरून ठेवलेला कल त्याच्या मूळ जागेला चिकटून राहत नाही, एवढे त्यातून दिसते.

येथपर्यंत सारे जुळून आल्यासारखे वाटते आणि नेमका येथेच वाद सुरू होतो. आक्षेप साधा आहे: डोळे उघडे असतात. पुढच्याच क्षणी नवे दृश्य मागच्या भागात येऊन आदळणार, मग तेथे जपलेली रेघ टिकेल कशी? घाटावर हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. कबुतरे उडतात, कोणी मध्येच येऊन काळाराम मंदिराचा रस्ता विचारतो, मुले कुंडात उड्या मारतात, आणि तरीही हात योग्य रेघ काढतो. निदान कधी कधी. कॅथरिन बेटनकोर्ट आणि याओडा शू यांनी २०१६ मध्ये प्रतीक्षेच्या काळातच लोकांना चेहऱ्यांची आणि बागेतल्या मंडपांची चित्रे दाखवली. चित्रे येणारच आहेत, हे आधी ठाऊक असताना दृष्टीच्या सुरुवातीच्या क्षेत्रांतून कल वाचता येईना. माणसांची उत्तरे मात्र बिघडली नव्हती आणि डोक्याच्या वरच्या मागील भागातील एका क्षेत्रात कलाची खूण शाबूत होती. त्यावरून दृष्टीची क्षेत्रे या स्मृतीसाठी अनिवार्य नाहीत, असा त्यांचा दावा होता.

दावा वजनदार होता, पण त्याच प्रयोगात एक दुसरी बाजू होती. चित्रे येतील की नाही याचा भरवसा नसताना सुरुवातीच्या क्षेत्रांत कल पुन्हा वाचता येत होता. पुढे २०१९ मध्ये रोसान रादेमाकर, चैपत चुणहरस आणि सेरेन्सेस यांनी मनात एक कल धरायला सांगून डोळ्यांसमोर दुसरा दाखवला, तेव्हा व्ही-वनमध्ये दोन्ही एकाच वेळी वाचता आले. एकाच भागात पाहणे आणि जपणे शेजारी-शेजारी चालू होते. चुंबकाचे झटके देऊन मागच्या भागाचे काम क्षणभर विस्कळीत करण्याचे प्रयोगही झाले आहेत; त्यांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

हे दोघे शेजारी कसे नांदत असतील, याचा एक धागा माकडांवरील प्रयोगांत मिळतो. मेंदूचे बाह्यपटल थरांचे बनलेले असते. डोळ्यांकडून येणारी वार्ता प्रामुख्याने मधल्या, म्हणजे चौथ्या थरात उतरते, तर मेंदूच्या वरच्या क्षेत्रांकडून परत येणारे संदेश मुख्यतः त्याच्या वर आणि खाली असलेल्या थरांत पोहोचतात. अॅमस्टरडॅममधील पीटर रूल्फसेमा यांच्या गटाने २०१७ मध्ये व्ही-वनच्या निरनिराळ्या थरांत सूक्ष्म विद्युदग्रे ठेवून नोंदी घेतल्या, तेव्हा स्मृतीच्या काळातली हालचाल वरच्या आणि खोल थरांत दिसली. पाहणे मधल्या दाराने येते, तर आठवण वरच्या मजल्यावरून आणि तळघरातून. म्हणजे कपाळामागचा भाग आणि दृष्टीची क्षेत्रे यांच्यात मालक कोण, हा प्रश्नच मला काहीसा चुकीचा वाटतो. पुढचा भाग हेतू धरून ठेवत असावा आणि बारीक माप लागेल तेव्हा मागच्या भागाला परत निरोप पाठवून कामाला लावत असावा. हे माझे मत आहे; वाद मिटलेला नाही.

जपलेल्या रेघेचे रूप कसे असते, हा प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटतो. युना क्वाक आणि क्लेटन कर्टिस यांनी २०२२ मध्ये लोकांना काही वेळा पट्ट्यांचा कल आणि काही वेळा सरकत्या ठिपक्यांची दिशा लक्षात ठेवायला सांगितली. पाहताना या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या दिसतात. जपताना मात्र दोहोंचा नमुना इतका सारखा झाला, की एकावर शिकवलेला संगणक दुसरी ओळखू लागला. तो नमुना दृष्टीच्या नकाशावर पसरून पाहिला, तेव्हा त्यात पट्टे नव्हते आणि ठिपकेही नव्हते. लक्षात ठेवलेल्या कोनात पडलेली एक साधी रेघ होती. मेंदूने कामापुरते टिपून बाकीचे टाकून दिले होते. रेखाटन दुसरे काय असते?

अशी टिपून ठेवण्याची रीत नाशिककरांना नवी नाही. गोदावरीला पूर आला की कोणी पाण्याची पातळी फुटांत सांगत नाही. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, असेच सांगतात. पुराचे सगळे दृश्य विसरले तरी ते माप राहते. फरक एवढाच, की मारुतीचे माप शब्दांत बसते आणि सात अंशांचा कल शब्दांत बसत नाही. प्रयोगशाळेत मुद्दाम इतके बारीक फरक विचारतात, ते याच कारणासाठी: 'थोडा उजवीकडे' असे मनात पुटपुटून उत्तर देता येऊ नये.

मुळात आपण इतके थोडे धरतो, कारण पुन्हा पाहणे स्वस्त असते. डेना बॅलार्ड आणि मेरी हेहो यांनी १९९५ मध्ये लोकांना रंगीत ठोकळ्यांचा नमुना पाहून तसाच दुसरा रचायला सांगितला आणि त्यांच्या नजरेचा माग ठेवला. चार ठोकळे लक्षात ठेवणे कोणालाही जमले असते. तरी माणसे एकाच ठोकळ्यासाठी बहुधा दोनदा नमुन्याकडे पाहत, एकदा रंगासाठी आणि एकदा जागेसाठी. "एकदा नीट बघा आणि मग काढा," असे मी वर्गात ओरडत असे, ते अर्थातच चुकीचे होते. आता सांगतो, की वर बघताना एकच गोष्ट विचारायची: या खेपेला कल, पुढच्या खेपेला लांबी. त्या मुलीने पुढच्या रविवारी तसे करून पाहिले. मान जास्त वेळा वर गेली, खोडरबर कमी चालले.

एक चूक मात्र उरली आणि ती केवळ तिची नव्हती. उभ्या आणि आडव्या रेघांचे बारीक फरक आपल्याला तिरप्यांपेक्षा चांगले कळतात; दृष्टीच्या क्षेत्रांत त्या दोन दिशांना वाहिलेल्या पेशी अधिक असतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. याची उलट बाजू अशी, की उभ्यापासून थोडीच कललेली रेघ आठवून सांगताना माणसे ती प्रत्यक्षापेक्षा अधिक कललेली सांगतात, जणू उभी दिशा तिला दूर ढकलते. शिखराची कड नेमकी तशीच, उभीला लागून कललेली आहे. ऊन चढल्यावर आम्ही त्या दिवशीचे सगळे कागद घाटाच्या पायरीवर ओळीने मांडले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर चपला ठेवल्या आणि समोरच्या देवळाशी ताडून पाहिले. जवळजवळ प्रत्येक कागदावर नारोशंकराचे शिखर खऱ्यापेक्षा निमुळते झाले होते. त्यात माझाही कागद होता.